चाळीस तोंडांचा होकार

शिलापूरचा राजा रणधवल याने हुकूम काढला, "नदीवरच्या पुलावर पाथरवटांनी पाय ठेवायचा नाही. पुलाचा मान जातो!"

पूल बांधला होता पाथरवटांनीच. तीन वर्षं ते दगड फोडत होते, तेव्हा कुणाचा मान गेला नव्हता. शेवटचा दगड बसला आणि त्यांचे पाय एकाएकी वाईट झाले! नदीपलीकडची त्यांची वस्ती पाण्यातूनच ये-जा करू लागली. गेल्या आषाढात वस्तीतल्या सारजा पाथरवटिणीचा सासरा त्यातच वाहून गेला. यंदाचा पाऊस आठ दिवसांवर आला, तशी सारजा उठली आणि थेट दरबारात जाऊन उभी राहिली.

दरबारात चाळीस मानकरी होते. त्यांना काम एकच. कुणी मोठ्याने महाराजांचं नाव घेतलं की "सत्य वचन!" म्हणून ओरडायचं. ज्याचा आवाज मागे पडेल त्याची पगडी जायची. त्यामुळे वाक्य कानात शिरायच्या आधीच यांची तोंडं उघडत. आपण कशाला हो म्हणालो, हे त्यांतल्या एकालाही कधी ठाऊक नसे.

"काय पाहिजे?" राजाने विचारलं.

"पुलावरची वाट, म्हाराज."

"आज वाट, उद्या पालखी मागेल!" मानकऱ्यांतले पहिले, दिवाण अंबाजीपंत खिदळले.

"पालखी तुमास्नी लागती, पंत. मला पाय हायेत!"

राजाला गंमत वाटली. "बरं, बोल! पण विनवायचं नाही, रडायचं नाही, आम्हाला दोष द्यायचा नाही. आणि तुझ्या बोलण्याला या चाळीसही जणांनी एका सुरात 'सत्य वचन' म्हटलं पाहिजे. एक जरी गप्प राहिला, तर उद्या तुमची वस्ती उठली!"

मानकरी मिशांतल्या मिशांत हसले. पाथरवटिणीला होकार? जीभ झडली तरी नाही!

दोनशे माणसांची घरं सारजाच्या एका बोलण्यावर आली होती. तिने त्या चाळीस पगड्यांवरून नजर फिरवली; यांची सवय सारा गाव जाणून होता. कीव करावी, एवढीही त्या तोंडांची लायकी नव्हती. तिने पदर खोचला आणि खणखणीत आवाजात विचारलं,

"पुलाचा दगड कुनी फोडला? म्हाराजांनी!"

"सत्य वचन!" चाळीस तोंडं सवयीने उघडली.

"दगडांची पाटी डोईवर कुनी व्हायली? म्हाराजांनी!"

"सत्य वचन!"

"उन्हात पाठ कुनाची भाजली? म्हाराजांची!"

"सत्य वचन!" आता तर चढाओढ लागली. अंबाजीपंतांच्या मानेच्या शिरा ताठल्या.

"आनि गेल्या आषाढात नदीत बुडून कोन मेलं? म्हाराज!"

"सत्य वचन! सत्य वचन!"

"थांबा!" राजा ताडकन उठला. "मी मेलो?"

अंबाजीपंत चाचरत म्हणाले, "महाराज, ते... ओघात आलं."

"आणि तू!" राजा सारजावर गरजला. "हा काय चावटपणा?"

"म्या इनवलं न्हाई, रडले न्हाई, तुमास्नी नावं ठिवली न्हाईत. चाळीसही जन हो म्हनले. आता म्हाराज, जरा हात दावा."

राजाने नकळत हात पुढे केले. गुलाबपाण्याने धुतलेले, मऊ हात! सारजाने आपले तळवे शेजारी धरले. बोटांवर घट्टे, आणि अंगठ्याचं नख फुटलेलं.

"तुमचा दरबार खरं बोलत आसंल, तर पाटी व्हायली तो म्हाराज. आसं दोनशे म्हाराज आमच्या वस्तीत हायेत, त्यास्नी पूल बंद कसा? आनि दरबार खोटं बोलत आसंल, तर पूल कुनी बांधला, ते तुमीच सांगा!"

राजाने मानकऱ्यांकडे पाहिलं. चाळीसही जण आपापल्या पायांकडे बघत होते. मग तो जो हसायला लागला, तो पोट धरूनच सिंहासनावर बसला!

"मला जिवंतपणी मारलंत रे!" तो डोळे पुसत म्हणाला. "पंत, हुकूम फाडा! पूल सगळ्यांना मोकळा. आणि यंदा पावसाळाभर तुम्ही चाळीस जण पाण्यातून ये-जा करा." त्याने हातातलं सोन्याचं कडं सारजाला दिलं. "बाई, उद्या सकाळी वाजतगाजत पुलावर पहिलं पाऊल तू टाकायचंस!"

"उद्या कशापायी, म्हाराज?" सारजा वळलीसुद्धा. "घरी मला आत्ताच जायाचंय. सकाळी येताना भिजल्यालं लुगडं अजून वाळलं न्हाई!"