हमीपत्राचा मसुदा

फोर्टमधल्या एका बड्या वकिली फर्मनं सगळी कागदपत्रं नव्या सॉफ्टवेअरमध्ये चढवायचं ठरवलं आणि ते काम अॅडव्होकेट मृणाल टिपणीसच्या गळ्यात पडलं. थोरले भागीदार धुरंधरसाहेबांना हे खेळ मुळीच पसंत नव्हते. भर मीटिंगमध्ये त्यांनी तिला उभं केलं.

"एकही कागद हरवणार नाही, असं हमीपत्र आत्ता सही करून द्या. नाहीतर सॉफ्टवेअरसकट चालू लागा!"

अशी हमी कोण देणार? आणि नाही म्हणावं तर नोकरी गेली. मृणाल म्हणाली, "देते, साहेब. पण तुम्ही मंजूर केलेल्या मसुद्याशिवाय इथं कुणी सही करायची नाही, हा तुमचाच नियम. हमीपत्राचा तुमचा मसुदा तेवढा मागवा."

साहेबांनी ऐटीत कारकुनांना पिटाळलं. कपाटं उघडली, गठ्ठे सुटले, धूळ उडाली. मसुदा काही मिळेना. शेवटी साहेब स्वतःच बाह्या सरसावून शोधायला लागले.

तेव्हा मृणालनं पेनाला टोपण लावलं. "मी सहीला तयार आहे, साहेब. मसुदा मिळाला की हाक मारा. तोवर जे कागद सापडतायत, तेवढे चढवून घेते."