न उकरलेला हौदा

"वस्ताद, नियम मोडणाऱ्याची गय करायची का?"

खराडे फौजदारानं तालमीच्या दारातूनच विचारलं.

कुस्तीच्या तांबड्या मातीच्या हौद्याच्या काठावर मौला वस्ताद मातीत घालायच्या ताकात लिंबू पिळत बसले होते. वर न बघताच म्हणाले, "बूट काढ आधी."

खराडेनं बूट काढले. याच तालमीत तो पैलवान झाला होता, पुढं फौजदार.

"ओढ्यापलीकडच्या वस्तीनं रस्ता अडवलाय. साकव वाहून गेला, तो बांधून द्या म्हणतात. परवानगी बारापर्यंतची, आता अडीच वाजले. कुणीतरी एसटीची काच फोडली. चारच्या आत रस्ता मोकळा करायचा हुकूम आहे. आणि मी आजवर एकही हुकूम चुकवलेला नाही."

"मग इथं कशाला आलास?"

खराडेनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"बोल की."

"पुढच्या रांगेत पारूआत्या बसल्यात."

वस्तादांचा हात थांबला. पारूआत्या म्हणजे तालमीला दूध घालणारी बाई. खराडेच्या अंगातली निम्मी ताकद तिच्या चरवीतून आलेली.

वस्तादांनी कोपऱ्यातल्या खोऱ्याकडं बोट केलं. "हौदा उकर."

"वस्ताद, चार वाजता मला…"

"म्हणूनच लवकर उकर."

खराडेनं खाकी बाह्या वर केल्या आणि खोरं हाणलं. खण्णकन आवाज आला. मनगटापर्यंत झिणझिण्या गेल्या.

"ही माती तर पार दगड झालीय!"

"गुडघा धरलाय माझा. तीन आठवडं कुणी उकरलीच न्हाई."

"हिच्यावर कुणाला आपटलं तर मणका जाईल त्याचा."

"मग आपटणाऱ्याचा दोष, का पडणाऱ्याचा?"

खराडे रागारागानं घाव घालत राहिला. घामानं सदरा पाठीला चिकटला. एक घाव चुकून काठावर बसला आणि कडेची वीट निसटली.

"ए!"

वस्ताद असे ओरडले, की वळचणीचं कबूतर उडालं. गुडघा धरत ते उठले, वीट जागेवर ठेवली आणि टाचेनं दाबून घट्ट बसवली.

"कडेला धक्का लावायचा न्हाई. कड गेली की कुस्ती कुठं संपली ते कळत न्हाई. नुसती हाणामारी उरती."

"आणि माती?"

"ती रोज उकरायची."

खराडेनं कड सोडून मधली माती उकरायला घेतली.

मग वस्तादांनी सहज विचारावं तसं विचारलं, "पारूनं साकवासाठी अर्ज किती दिलं रं?"

"नऊ."

"वाचलं कुणी?"

"ते तहसील कचेरीचं काम. माझं नाही."

"मी तुझं कुठं म्हटलं? कुणी वाचलं, एवढंच इचारलं."

खराडेचं खोरं हवेतच राहिलं. दुपारी बाराला आत्यांनी त्याच्यापुढं एक प्लास्टिकची पिशवी धरली होती. आत शिक्के मारलेले कागद होते. तो म्हणाला होता, "आत्या, बारा वाजले." पिशवी त्यानं उघडली नव्हती.

त्यानं खोरं टेकवलं आणि मातीच्या हातानंच फोन लावला.

"नायब तहसीलदार साहेब, खराडे बोलतोय. साकवाचे ते नऊ अर्ज घेऊन रस्त्यावर याल का? …हो, रस्त्यावरच. मी गाड्या सोडायला एक बाजू मोकळी करून घेतो. काचेचा गुन्हा मी नोंदवणार, त्यात सूट नाही. पण अर्ज तुम्ही वस्तीतल्या लोकांसमोर वाचायचे. …हुकूम कसला साहेब, विनंती आहे. तोवर काठ्या गाडीतच राहतील."

पलीकडं खुर्ची सरकली. मग आवाज आला, "निघतो."

खराडेनं बूट चढवले. दारात तो थांबला. हौदा निम्मा उकरून झाला होता. तांबडी माती सैल होऊन पसरली होती. छाती जराशी पुढं काढून त्यानं विचारलं, "वस्ताद, झाली ना मऊ?"

वस्तादांनी वाकून मूठभर माती उचलली. दाबली. मूठ उघडली.

"आजची झाली."