पाटलीची ओली भिंत

पूर्वी शाल्मलीनगरात भद्रसेन नावाचा राजा राज्य करत होता, तेव्हा बोधिसत्त्व मातीच्या भिंती घालणाऱ्याच्या घरी जन्माला आला. राजकुमार नाही, सोनेरी हरीण नाही, चिखल तुडवणारा. नाव तिंदुक. लोकांची घरं उभी करायची आणि आपण झाडाखाली निजायचं, असा त्याचा संसार.

नगराबाहेर तळ्याच्या काठी पाटली नावाची म्हातारी एकटी राहायची. तिचा मुलगा व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर गेला तो आलाच नाही. शेजारणी रोज विचारायच्या, "काही कळलं का?" त्यांच्या मनात वाईट नव्हतं, पण रोज तेच ऐकून हिचं डोकं फिरलं. एकेकीला तिनं दारातून हाकललं. शेवटी सोमी उरली, लहानपणापासूनची मैत्रीण. तिच्या तर अंगावर भांड्यांचं धुवण फेकलं. मग कुणी येईना. पाण्याला निघताना पाटली "येते गं" म्हणायची, आणि परत आल्यावर "आलीस का?" तेही हीच. सात वर्षं असं चाललं.

एका पावसाळ्यात रस्त्याकडची भिंत दारासकट बसली. ऊन पडल्यावर तिनं तिंदुकाला बोलावलं.

"भिंत घाल. दार नको. मागचं पुरे मला."

"आजी, घराला पुढून दार असतं."

"मेल्या, घर तुझं की माझं? येणार कोण आहे?"

"मी आलोय की."

"तू कामाला आलायस. पाहुणा होऊ नकोस."

तिंदुकानं वाद घातला नाही. माती, शेण आणि भाताचं तूस कालवून चिखल मुरवला आणि भिंत घालायला घेतली. अशी भिंत दिवसाला एकच थर घेते, हातभर उंच. तो टणक झाला की दुसरा. घाई केली की खालचा थर पोट काढतो आणि सगळंच खाली येतं. "उद्यापर्यंत हात लावू नका," तो रोज बजावायचा.

चौथ्या दिवशी थर घालून तो गवत कापायला गेला. इकडे तळ्यावर बायका बोलत होत्या, ते पाटलीनं ऐकलं. राजा धान्याचं कोठार बांधणार, तिंदुकाला बोलावणं येणार. हा गेला तर भिंत अर्धी राहणार, आणि येणारा-जाणारा घरात डोकावणार. तिनं पदर खोचला. सकाळच्या ओल्या थरावर आणखी दोन थर चढवले, स्वतःवर खूश झाली आणि भिंतीपुढेच पाय पसरून बसली. भिंतही बसली, तिच्या पायांवर. म्हातारी गुडघ्यापर्यंत गाडली गेली. लागलं काही नाही, पण निघता येईना.

तिंदुक परत येत होता. जांभळीआडून त्यानं हे पाहिलं. धावणारच होता, पण थांबला. ओढून काढणं सोपं होतं. मग उद्यापासून पुन्हा थरावर थर, आणि म्हातारी कायमची आत. त्यानं गवताचा भारा खाली ठेवला.

तिथंच राजाचा माणूस त्याला शोधत आला. "चल. कोठाराचा मुख्य कारागीर तू. राहायला स्वतःचं घर मिळेल."

घर म्हटल्यावर तिंदुकानं वर जांभळीच्या फांद्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "थोडं थांबा. त्या आजींनी हाक मारली की येतो."

"ती तुला हाक मारेल?"

"मला नाही."

"मग कुणाला?"

"तेच बघतोय."

"मी थांबणार नाही. वाटेत दुसरा भिंतवाला आहे, त्याला नेईन."

"न्या. त्याचं काम चांगलं आहे."

माणूस गेला. ऊन कललं. पाटली तोंड उघडायची आणि मिटायची. नाव कुणाचं घ्यावं तेच सुचेना. चिखल वरून पांढरा पडायला लागला. तिंदुकाचे पाय दोनदा उचलले गेले. आणखी थोडं बघू, नाहीतर जाऊ, असं त्यानं ठरवलं.

तेवढ्यात आवाज आला. बारीक, न वापरलेला.

"सोमे. अगं सोमे, आहेस का?"

 मग पलीकडच्या घरातून कुणीतरी म्हणालं, "धुवण आहे का हातात?"

"नाही गं. पाय अडकलेत."

सोमी आली आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "सात वर्षांनी बोलावलंस, ते पण चिखलात."

तिच्या मागून आणखी तिघी आल्या. ओढता ओढता सोमीही आपटली. मुलाचं कुणी विचारलं नाही. पाटलीच हळूच म्हणाली, "काही कळलं नाही अजून."  सोमीनं पाणी आणलं आणि तिचे पाय चोळून धुतले.

दुसऱ्या दिवशी त्याच पडलेल्या चिखलात पाणी घालून पाचही जणींनी तो तुडवला.

"आजी, थर सरळ सलग नेऊ?" तिंदुकानं विचारलं.

पाटलीनं सोमीकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "ही बया उंच आहे. कपाळ आपटलं की मलाच बोलेल. हिच्या मापानं दार ठेव."

मुलगा आला नाही. सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर वाट बघत बसाल. तिंदुकालाही घर मिळालं नाही. भिंत सुकल्यावर तो एकटाच पुढच्या गावाला गेला.

एवढी गोष्ट शिष्यांना सांगून शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, तेव्हाचं कोण ते आता कोण हे जुळवून दिलं. तेव्हाची पाटली म्हणजे विहाराच्या टोकाला दार लावून राहणारी भिक्खुणी उपशीला. सोमी म्हणजे तिच्या उंबऱ्यावर रोज भिक्षा ठेवून जाणारी वासुला. राजाचा माणूस म्हणजे सदा घाईतला भिक्खू तुरग. आणि चिखल तुडवणारा तिंदुक म्हणजे स्वतः शास्ते. धावू पाहणारे आपले पाय दुसऱ्याच्या हाकेपर्यंत धरून ठेवता येणं, यालाच क्षांती-पारमिता, म्हणजे धीराची पूर्णता, म्हणतात.