गिरजा कुंभारणीच्या बोलत्या सोमवारांची कहाणी

ऐका बायांनो, मन लावून ऐका. आटपाट गाव होतं. गावाच्या कडेला कुंभारवाडा होता. तिथं गिरजा नावाची कुंभारीण राहत होती. पदरात दोन मुलं, धाकटं अजून अंगावर पिणारं. तशात पुन्हा दिवस गेले. नवराबायकोनं विचार केला, सरकारी दवाखान्यात जाऊन गर्भ पाडला. शरीर पंधरा दिवसांत सावरलं. मन काही सावरेना.

मग काय झालं? घास घशाखाली उतरेना. मडकं थापता थापता हात थांबे. नवरा जवळ आला की अंगाला कापरं भरे. जाऊ म्हणाली, "देवीचा कोप आहे, उपास धर." सासू म्हणाली, "ऑपरेशन करून मोकळी हो." नवरा रंगनाथ म्हणाला, "झालं ते विसर."

एके दिवशी मालन नर्सबाई धाकट्याला डोस द्यायला आली. गिरजेचं तोंड पाहिलं. म्हणाली, "गिरजे, तुला एक वसा सांगते. तीन सोमवार दवाखान्यात यावं. पहिल्या सोमवारी मनातलं बोलावं. दुसऱ्या सोमवारी हवं ते विचारावं. तिसऱ्या सोमवारी आपलं आपण ठरवावं."

पहिल्या सोमवारी गिरजा गेली. म्हणाली, "बाई, मी केलं ते बरोबर केलं. तरी रडू येतं. पुन्हा दिवस राहतील म्हणून जीव घाबरतो."

नर्सबाई म्हणाली, "बरोबर केलं तरी रडू येतं, बाई. त्यात तुझं काही चुकलं नाही." गिरजा पोटभर रडली. घरी येऊन भाकरी खाल्ली.

दुसऱ्या सोमवारी सासू म्हणाली, "आज भट्टी लावायचीय, कुठं निघालीस?" गिरजा राहिली. वसा मोडला. मग चार दिवस अंथरुणातून उठवेना. पोर रडलं तरी हात पुढे होईना. पाचव्या दिवशी तिनं मनाशी ठरवलं. सोमवार उजाडला, तशी पोराला कडेवर घेतलं नि निघाली.

दिवस राहू नयेत म्हणून नर्सबाईनं गोळ्या दाखवल्या, इंजेक्शन सांगितलं, निरोध सांगितला, पिशवीत बसवायची तांबी हातात देऊन दाखवली. गिरजेनं विचारलं, "ही काढता येते?" "येते. तू म्हणशील तेव्हा." मग मनाच्या डॉक्टरीणबाईंशी गाठ घालून दिली.

घरी येऊन गिरजा नवऱ्याला म्हणाली, "अहो, मला विसरायचं नाही, बरं व्हायचंय. बरोबर चला." वशाच्या तिसऱ्या सोमवारी रंगनाथ बरोबर गेला. गिरजेनं तांबी बसवून घेतली.

सासू दारात उभी. "कुणाला विचारून केलंस?"

"कुणाला नाही, आत्याबाई. अंग माझं आहे."

सासू दारातून बाजूला झाली. मग म्हणाली, "दुखतंय का?"

"थोडं."

"पड मग. आज माती मी तुडवते."

गिरजा लगेच बरी झाली नाही. डॉक्टरीणबाईंकडे जात राहिली, बोलत राहिली. हळूहळू झोप आली, भूक आली, हसू आलं.

जसं गिरजेला तिचं मन उमगलं, तसं तुम्हां-आम्हां सगळ्यांना उमगो. साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरांत सांगितली. सांगणारीला फळो, ऐकणारीला फळो.