मुलाम्याचं कडं

घाटाखालच्या एका पेठेत द्वारका नावाची विधवा राहत होती. घरातली पुढची ऐसपैस खोली भाड्याने देऊन ती पोट भरायची. खोलीत तुळाजी कोष्टी हातमाग टाकून राहत होता. भाडं द्यायला तो कधी चुकला नाही. तरी द्वारका त्याचं एकेक नाणं दगडावर वाजवून घ्यायची.

एके दिवशी रेशमी पागोट्याचा एक व्यापारी दारात आला.

"दुप्पट भाडं देतो. पण खोली आजच हवी."

द्वारकेने तुळाजीला बोलावलं. "तू दुसरीकडे बघ बाबा."

"काकू, ऐन पावसात माग कुठे नेऊ? महिनाभर तरी थांबा."

"ते मला नको सांगूस."

संध्याकाळी माग सुटा होऊन बैलगाडीत चढला.

व्यापाऱ्याने हातातलं सोन्याचं कडं काढलं. "वर्षाचं भाडं यातून घ्या. कड्याची किंमत त्याहून जास्त आहे, वरचे रुपये तेवढे आत्ता द्या, नाक्यावर माल अडकलाय."

सोनाराचं दुकान समोरच होतं. द्वारकेची नजर तिकडे वळली, आणि व्यापाऱ्याने ती बरोबर हेरली.

"भरवसा नसेल तर राहू द्या. मला काय, जागा पुष्कळ मिळतील."

द्वारका ओशाळली. एवढ्या मोठ्या माणसाला तपासायचं तरी कसं? तिने साठवलेली सगळी पुंजी त्याच्या हातात दिली, वर गूळपाणीही दिलं.

माल आणायला गेलेला व्यापारी परत आलाच नाही. वाट पाहून थकल्यावर ती कडं घेऊन सोनाराकडे गेली. त्याने ते कसोटीवर घासलं.

"काकू, पितळ आहे हे. वर नुसता मुलामा. त्याच दिवशी हाक मारायची होती."

रडत, शिव्याशाप देत ती तुळाजीला शोधत नदीपलीकडे गेली. तो धान्याची पोती वाहत होता.

"खोली मोकळी आहे रे. चल परत. भाडंही कमी करते."

तुळाजीने पाठीवरचं पोतं खाली ठेवलं.

"तुमच्याकडून निघून मी एका गोठ्यात राहिलो, काकू. तिथे पाणी शिरलं. सूत कुजलं, माग फुगून तडकला. शेवटी सरपणाला गेला. आता हमाली करतो. एवढी मोठी खोली घेऊन करू काय?"

त्याने पोतं उचललं आणि तो चालू लागला. परतताना द्वारकेच्या तोंडून एकही शिवी निघाली नाही.

तात्पर्य: ज्याला तपासायचा संकोच वाटतो, त्यालाच आधी तपासावं, खोली आणि पैसा मागाहून द्यावा. लबाड आपली पुंजी नेतो खरा, पण भल्या माणसाला दाराबाहेर आपणच काढलेलं असतं.