तिसऱ्याचं तूप

माजी सभापती हिंदुराव खराडे जुनी जीप विकत होते आणि वडाप म्हणजे गावोगावची प्रवासी जीप चालवणाऱ्या सुलभाला ती हवी होती. पण निजाम मिस्त्रीनं इंजिनाला दाब मोजायचं गेज लावलं, तेव्हा चारपैकी तिसऱ्या सिलिंडरचा दाब निम्माच भरला.

"गेज खोटं आहे," हिंदुराव म्हणाले. "उद्या परत लाव. दाब भरला तर सुलभाताईंनी गाडी घ्यायची. द्या शब्द."

चारचौघांत तिनं शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी बाकीचे सिलिंडर होते तिथंच होते. तिसऱ्याचा काटा मात्र त्यांच्याही पुढं गेला. मिस्त्री चक्रावला. हिंदुरावांनी मिशीला पीळ दिला.

सुलभा काट्याकडं बघत राहिली. "सभापती, एका घरातले चार भाऊ. तिघं आहेत तसेच, आणि काल आजारी होता तोच आज सगळ्यांत तगडा. रात्रीत याला एकट्यालाच तूप कुणी वाढलं?"

मिस्त्रीनं प्लगच्या भोकातून तार घातली. ती तेलानं निथळतच वर आली. "पिस्टनच्या झिजलेल्या रिंगची फट तेलानं बुजते आणि दाब भरतो," तो म्हणाला, "पण घटकाभरच."

"मी शब्द मोडत नाही," सुलभा म्हणाली. "एकदा घाट चढून येऊ. तूप जिरल्यावरही काटा इथंच आला, तर गाडी माझी."

घाटाचा रस्ता फार खराब आहे, असं म्हणत हिंदुरावांनी किल्ली खिशात टाकली.