यमाईने घेतलेला चुडा

आंबेडोह गावी महामारी आली, त्या वर्षी निरंजनगिर महाराज यमाईच्या देवळामागच्या ओवरीत राहत होते. गाव त्यांनाही आईच म्हणे. गर्दी मोडा, असे त्यांनीच सांगितले. देऊळ बंद झाले, ज्याने त्याने आपला उंबरा धरला. रोग सर्वांना सारखा. उंबरे मात्र सारखे नव्हते. रंगोपंत कुलकर्ण्यांच्या घरी वतनाचे धान्य येतच राहिले. शेताला विळा हवा, म्हणून लोहाराचा भाता चालला. कासारणीचे काय? तिचा धंदाच दुसऱ्याचा हात हातात घेण्याचा, आणि हात आता कुणी देईना.

बायजा कासारणीची लेक बाळंतीण. घरात दाणा नाही. लेकीचे दूध आटले, तान्हे रडून थकले. बायजा पंतांच्या अंगणाबाहेर उभी राहिली.

"वहिनीसाहेबांना चुडा भरायचा का, पंत?"

"साथीत चुडा? अगं, स्वस्थ बसवत नाही का तुला? आम्ही नाही बसलो?"

"तुमचं बसणं जेवून-खाऊन आहे, पंत. माझं उपाशी."

"जीभ बरी चालते! जा, तुझ्या त्या गोसाव्याला भर बांगड्या!"

ती रडत ओवरीशी आली. सारे ऐकून महाराज हसले. त्यांनी राखेने हात धुतले, तिलाही धुवायला लावले, आणि मनगट पुढे केले.

"भर."

"अगंबाई! बाप्याच्या हातात?"

"आई म्हणता ना मला? मग आईला चुडा नको?"

हात राठ, पंजा रुंद. पण काय नवल! बांगड्या पाण्यासारख्या सरकल्या. बायजा गुणगुणली,

"हिरवा हिरवा चुडा, हाती भरते मी बाई,
चूल माझी गं विझली, तुला ठावे यमाई."

"मोल आई देईल," महाराज म्हणाले.

सकाळी पंतांनी पूजेसाठी देवळाचे कुलूप काढले. यमाईचे हात कमरेशी एकाच दगडात घडवलेले, दोरासुद्धा आत जाऊ नये असे. त्या मनगटांत हिरवा चुडा होता, अखंड! नैवेद्याच्या तांदळाचा रांजण मात्र रिकामा.

"चोरी!" पंत ओरडत बायजाच्या दारी धावले. आत भात रटरटत होता, तान्हे चुटूचुटू पीत होते.

"पहाटे हिरव्या लुगड्यातली बाई ओटीभर तांदूळ ओतून गेली," बायजा म्हणाली. "काल महाराजांना भरला त्या चुड्याचं मोल, म्हणाली."

इतक्यात महाराज आले. त्यांची मनगटे मोकळी होती. ती पाहून पंत त्यांच्या पायांशी वाकले, तसे महाराज मागे सरले.

"चुडा भरून घेतला की बाई कासारणीला नमस्कार करते. आईचा तेवढा राहिलाय, पंत. तो तुम्ही करा."

पंतांनी पागोटे उतरवले. "बायजाबाई, आजच धान्याचं पेव उघडतो. ज्यांची कामं बसली, त्यांना आधी." आणि त्यांनी तिच्या दारच्या धुळीत डोके टेकले.

बायजा गडबडीने मागे सरली. "उठा, पंत, उठा! अन् जरा लांबूनच. साथ गेली नाही अजून."